बिनपगारी पोराकडे स्टोअरची चावी

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगडही खाल्ले, आणि त्यातलं बरंचसं आता विसरलोही. पण ही साधी चोरी काही डोक्यातून जात नाही. कारण या प्रकरणात चोरावर मला जेवढा राग आला, त्याच्या दुप्पट राग चोर नसलेल्या माणसांवर आला. नावं मी कोणाचीच घेणार नाही. सगळी मंडळी अजून जालन्यातच आहेत आणि भाजी घेताना मंडईत भेटतात.

निवृत्तीआधीची माझी शेवटची नेमणूक जालना एमआयडीसीच्या बाजूला होती. लोखंडाच्या मिल, बियाण्यांचे कारखाने, शिफ्ट सुटली की मोटारसायकली आणि टेम्पोंचा लोंढा. ठाण्यातल्या तक्रारीही ठरलेल्या. गाडी चोरीला गेली, दारूच्या दुकानापुढे डोकं फुटलं, भंगार उचललं. असंच एका सकाळी एका मिलचे मॅनेजर साहेब फिर्याद घेऊन आले. स्टोअरमधून तांब्याची केबल आणि मोटारीचं वाइंडिंग थोडं थोडं करून गायब होत होतं. कुलूप तुटलेलं नाही, खिडकी शाबूत. संशय कोणावर, असं विचारलं, तर ताबडतोब म्हणाले, "आमच्या इंटर्नवर. स्टोअरची चावी त्याच्याकडेच असते."

हा इंटर्न म्हणजे केदारखेड्याच्या शेतकरी घरातला इंजिनिअर झालेला पोरगा. मॅनेजर वकिलाशी बोलूनच आले होते. म्हणाले, "साहेब, नोकराने केलेल्या चोरीचं कलम लावा. त्यात शिक्षा जास्त आहे."

"बरं. त्याचं पगारपत्रक आणा."

"पगार नाही. तो शिकायला येतो."

"मग नेमणूकपत्र?"

"ते कसं असेल? तो आमचा नोकर नाहीये ना."

"अहो, नोकर नाही तर नोकराचं कलम कसं लावू?"

मॅनेजरांना यात काहीच विचित्र वाटलं नाही. ते मला समजावायला लागले की आम्ही पोरांना संधी देतो, अनुभव देतो, शेवटी सर्टिफिकेट देतो. मी म्हटलं, "आणि चावी?" तर म्हणाले, "तो सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात शेवटी जातो, म्हणून त्याच्याकडे दिली." स्टोअरला कॅमेरा होता. तो बंद होता. का बंद, कधीपासून बंद, हे कोणालाच माहीत नव्हतं. मी कपाळाला हात लावला आणि साध्या चोरीचा गुन्हा दाखल करून घेतला.

घटनास्थळाचा पंचनामा झाला. आमच्या गुन्हे शोध पथकाचा एक खबऱ्या होता. त्याने खबर आणली की बायपासच्या पलीकडे एका भंगारवाल्याच्या आवारात केबल जाळतात, रबराचा वास लांबवर येतो. भंगारवाल्याला आणला. आधी बिलकुल कबूल होईना. मग म्हणाला, "साहेब, माल देनेवाला तोंडाला रुमाल बांधून येतो. उन्हात सगळेच बांधतेत. पण मिलचं पांढरं हेल्मेट हाय त्याच्याकडं."

हे महत्त्वाचं होतं. त्या मिलमध्ये कामगारांना पिवळं हेल्मेट आणि स्टाफला पांढरं. गेटवर पिवळ्या हेल्मेटवाल्यांची झडती होते, डबासुद्धा उघडून बघतात. पांढऱ्यावाल्यांना कोणी हात लावत नाही. स्टोअरशी संबंध असलेले पांढरे हेल्मेटवाले दोनच, स्टोअरचा सुपरवायझर आणि आमचा इंटर्न. पगार दिला नाही, पण हेल्मेट मात्र साहेबाचं दिलं होतं. गेटवरच्या वॉचमनने सांगितलं की हा पोरगा अधूनमधून रविवारी सकाळी येतो, थोड्या वेळात पाठीवर फुगलेली सॅक घेऊन जातो आणि संध्याकाळी परत येतो. सुपरवायझरने जबाब दिला की चावी पोराकडेच होती, मी रविवारी घरी असतो. झालं. सगळी बोटं एकीकडे.

पोराला चौकशीला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, चांगले बूट, आणि चेहरा पार उतरलेला. वडील सोबत आले होते. धोतर, टोपी, जाडजूड मिशा, गावात चार माणसं ज्यांचं ऐकतात असा माणूस. आल्या आल्या म्हणाले, "साहेब, माझं लेकरू कंपनीत इंजिनिअर हाय. दर महिन्याला घरी पगार आणून देतंय. त्याला चोरीची काय गरज?"

मी पोराकडे पाहिलं. "पगार मिळतो तुला?"

"हो सर."

धडधडीत खोटं! मॅनेजर फिर्याद देतानाच माझ्यासमोर छाती फुगवून सांगून गेले होते की एक पैसा देत नाही. मग घरी जातंय ते कुठून येतंय? रविवारी कुठे होतास, तर म्हणे मिलमध्येच. वॉचमन म्हणतो बाहेर गेला. सॅकमध्ये काय होतं? तर शर्टाचं बटण चाचपायला लागला. फोनचं लोकेशन काढलं तर दिवसभर एमआयडीसीच्याच टॉवरवर, म्हणजे त्यातूनही काही निघेना. माझ्या हवालदारांनी तर मनातल्या मनात अटक पंचनामा लिहूनही टाकला. खरं सांगतो, मलाही तोच चोर वाटायला लागला होता. खोटं बोलणाऱ्या माणसाला वाचवायचं तरी कसं? आणि एकदा अटक झाली की संपलं. चोरीचा गुन्हा नावावर असलेल्या इंजिनिअरला कोणती कंपनी दारात उभं करणार? हे मी त्याला दोनदा सांगितलं. तो खाली मान घालून बुटांकडे बघत राहिला.

दुपारी टपरीवरून चहाची किटली आली. ठाण्यात गर्दी होती. बाकावर सुनेची तक्रार घेऊन आलेल्या एक आजी, गाडीची चावी हरवलेला एक दुकानदार, आमचे लोक, पोराचे वडील. हवालदार कंटाळून पोराला म्हणाला, "बसलाच आहेस तर वाट रे चहा."

पोरगा उठला. आधी हात धुऊन आला. डाव्या तळहातावर ग्लास असे बसवले की एकही हलला नाही. सुरुवात केली ती बाकाच्या टोकाच्या आजीपासून. मग ओळीने पुढे. कोणाला सोडलं नाही, ओळ मोडून साहेबांकडे आधी धावला नाही, एक थेंब सांडला नाही. कोठडीतल्या दारुड्यालाही गजातून ग्लास दिला. शेवटच्या माणसापर्यंत गेला, वळला, आणि हात जोडून म्हणाला, "सावकाश होऊ द्या."

ठाणे अंमलदार फस्सकन हसला. सगळंच ठाणं हसलं. मी नाही हसलो. चहा वाटताना कोणी सावकाश होऊ द्या म्हणतं का? हे शब्द पंगतीतले. रोज म्हणून म्हणून ज्याच्या तोंडात बसलेत, त्याच्याच तोंडून असे न ठरवता बाहेर पडतात.

त्याला एकट्याला माझ्या खोलीत घेतलं, दार लावलं आणि विचारलं, "कोणत्या केटरर्सकडे वाढायला जातोस?"

पोराने आधी बंद दाराकडे पाहिलं. "सर, बाबाला सांगू नका."

"म्हणजे खरं आहे?"

मग सगळं बाहेर आलं. मिलपासून हाकेच्या अंतरावर मंगल कार्यालयं आहेत. लग्नाची मोठी तिथ असली की हा तिथे वाढपी म्हणून जायचा. सॅकमध्ये वाढप्याचा ड्रेस आणि फेटा. त्याची मजुरी साठवून महिन्याला पगार म्हणून वडिलांच्या हातात ठेवायचा. "गावात सगळ्याला सांगितलंय सर, कंपनीत इंजिनिअर हाय म्हणून. अन् मी इथं बुंदी वाढून राह्यलो. बाबा मरून जातील लाजेनं."

माझा पारा चढला. "अरे गाढवा, चोर म्हणून आत जायला तयार आहेस, पण वाढपी म्हणून बाहेर यायला तयार नाहीस? डोकं गहाण ठेवलंय का?"

तो रडायला लागला. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि कामाचा प्रश्न विचारला. "तू लग्नाला गेलास की चावी कुठे असायची?"

"भाऊकडं. सुपरवायझर भाऊकडं देऊन जायचो. त्यांना सगळं माहीत होतं. तेच म्हणायचे, तू जा बिनधास्त, मी येतो अन् बघतो, कोणाला सांगत न्हाई. चांगला माणूस हाय सर. त्याचं नाव सांगितलं असतं तर मी कुठं गेल्तो ते बी सांगावं लागलं असतं."

चांगला माणूस! मी पंचांग मागवलं. मॅनेजरांनी माल कमी भरल्याच्या ज्या तारखा दिल्या होत्या, त्या लग्नाच्या तिथींशेजारी ठेवल्या. बराबर जुळल्या. पुढचं काम सोपं होतं. केटररने हजेरी सांगितली. व्हिडिओ शूटिंगवाल्याकडून लग्नाचं चित्रण मागवलं. वधूपित्याच्या मागे फेटा बांधून, बुंदीची बादली घेऊन आमचा इंजिनिअर स्पष्ट दिसत होता, आणि त्याच दुपारी भंगारवाल्याकडे माल उतरला होता.

सुपरवायझरला आणला. तो आधी निवांत होता. म्हणाला, "चावी माझ्याकडे दिली म्हणतो का? मग विचारा ना साहेब, हा होता कुठे? सांगू द्या की बापासमोर." आणि चक्क हसला. त्याचा सगळा भरवसा त्यावरच होता. कुलूप, कॅमेरा, वॉचमन यांची त्याला फिकीर नव्हती. हा पोरगा मरेल पण तोंड उघडणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. मी व्हिडिओ लावला. फेट्यातला पोरगा दिसला आणि त्याचं हसू उतरलं. कॅमेऱ्याची वायर त्यानेच काढली होती, आणि रविवारी वॉचमन जेवायला गेला की तो आत शिरायचा. संध्याकाळच्या आत कबुली आली, भंगारवाल्याने पंचांसमोर त्याला आवाजावरून आणि चालीवरून ओळखलं, उरलेला मुद्देमाल जप्त झाला आणि आम्ही त्याला अटक केली.

राहिले वडील. सांगणं भाग होतं, जबाबात सगळं आलं होतं. पोरगा भिंतीला टेकून उभा, वडिलांकडे बघायची हिंमत नाही. मी जमेल तेवढ्या सरळ शब्दांत सांगितलं. वडिलांनी मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं आता कानाखाली वाजवतात.

"साहेब," ते म्हणाले, "गावच्या भंडाऱ्यात वाढायचा मान आमच्या घराचा हाय. माझा बाप वाढायचा, मी वाढतो. कंबर मोडस्तोवर वाकतो. ह्याला लहानपणी मीच शिकिवलं, शेवटच्या माणसापर्यंत जायचं अन् हात जोडायचे. त्याची मला लाज वाटंल व्हय?" मग पोराकडे वळले. "वाढलास त्याची लाज न्हाई रे. फुकट राबलास, अन् ते बापाला सांगता आलं न्हाई तुला, ह्याची लाज वाटून राह्यली. माझीच. मी गावभर इंजिनिअर इंजिनिअर करत हिंडलो, मंग तू सांगशील कसं?"

पोरगा त्यांच्या पायाशी बसून हमसून रडला. आमचा हवालदार, जो सकाळपासून त्याला आत टाकायला निघाला होता, तोही खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

इथे संपायला हवं होतं. पण नाही! तेवढ्यात मॅनेजर साहेबांचा फोन आला. माझे आभार मानले आणि म्हणाले, "पोराला सोमवारपासून पाठवून द्या. सुपरवायझर तर तुम्ही आत घेतला, स्टोअर बघायला कोणी नाही. आणि त्याचं सर्टिफिकेटही अजून बाकी आहे." मी फोन स्पीकरवर टाकला होता. पोराने डोळे पुसले आणि, देवाशपथ सांगतो, मलाच विचारलं, "सर, जाऊ का? सर्टिफिकेट अर्ध्यावर राह्यलंय."

मी काही बोलायच्या आत वडिलांनी टेबलावरच्या फोनवर वाकून मोठ्याने विचारलं, "पाठिवतो की साहेब. पगार किती देता?"

मग मॅनेजर म्हणाले की मालकांशी बोलून कळवतो, आणि फोन ठेवला. ते काही त्यांनी आजतागायत कळवलेलं नाही. पोराला पुढे दुसरीकडे नोकरी लागली, पगाराची, आणि ही बातमी सांगायला वडील स्वतः ठाण्यात येऊन गेले.

या प्रकरणाने मला एक धडा दिला. माणूस कशाला लाजतो, हे चोराला कळलं की त्याला चावीची गरजच उरत नाही. आणि शिकलेल्या पोरांना आपण सगळ्यांनी मिळून असं लाजायला शिकवलं आहे की फुकट राबणं त्यांना प्रतिष्ठेचं वाटतं आणि कष्टाची मजुरी लपवावीशी वाटते. तेव्हापासून इंटर्नशिप लागली म्हणून कोणी सांगायला आलं की मी दोन प्रश्न विचारतो. पगार किती, आणि चावी कोणाकडे? लोक म्हणतात, म्हातारा खडूस आहे. म्हणू द्या.

परवा शेजाऱ्यांची नात पेढे घेऊन आली. बीएस्सी झाली, एका बियाण्यांच्या कंपनीत प्रयोगशाळेत लागली. पेढा हातात घेतला आणि सवयीने विचारलं, "पगार किती गं?"

"पगार नाही आजोबा, इंटर्नशिप आहे," ती म्हणाली. मग आनंदाने पर्स उघडून मला दाखवायला लागली. "पण बघा ना, पहिल्याच आठवड्यात लॅबची चावी माझ्याकडे दिली. किती विश्वास आहे त्यांचा!"

मी पेढा परत डब्यात ठेवला आणि म्हटलं, "बस इथे. तुझ्या बाबांना बोलाव."