त्र्याण्णवचं पेट्रोल

चामराजपेटेतले आमचे घरमालक माणसांच्या बाबतीत जितके चुकले, तितके पेट्रोलच्या बाबतीत जन्मात कधी चुकले नाहीत. नव्वदीच्या सुरुवातीला पुण्याहून बदली होऊन मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला गेलो, तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही. स्कूटरमध्ये कुठल्या पंपाचं पेट्रोल घालता एवढंच विचारलं, आणि उत्तर ऐकून ‘अय्यो’ म्हणत कपाळाला हात लावला. ते कारखान्यात फोरमन होते. दारात त्यांची एक जुनी गाडी असे. तिचं इंजिन शर्यतीसाठी त्यांनी इतकं बदललं होतं की बनवणाऱ्यांनीही ओळखलं नसतं. साध्या सत्त्याऐंशी ऑक्टेनच्या पेट्रोलवर ती आतून टकटक करी. तिला त्र्याण्णव लागे, ते मोजक्या पंपांवर मिळे, आणि तिथंही हे तळहातावर थेंब घेऊन हुंगत, रॉकेल नाही ना याची खात्री करत. लांबून त्यांना येताना पाहूनच पंपावरची माणसं जेवायला जात. “ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे हो,” ते मला सांगत, “दम धरायची सवय. ठिणगी पडेस्तोवर पेटत नाही ते खरं पेट्रोल.” व्हाइटफील्डचे त्यांचे साडू एकदा आपल्या साध्या गाडीत महागडं पेट्रोल घालून मिरवायला आले, तर यांनी त्यांच्या बायकोदेखत त्यांना सुनावलं की या गाडीला हे पाजणं म्हणजे झोपलेल्या माणसाला पेपर वाचून दाखवणं. साडू पुन्हा आले नाहीत.

स्वतः त्यांना मात्र दम धरता येत नसे. मद्रासजवळच्या शर्यतीत उतरायचं हे त्यांचं कित्येक वर्षांचं स्वप्न. अखेर नाव लागलं. कारखान्यातून सुटी कमी मिळाली म्हणून गाडी पुढं घेऊन जायचं काम त्यांनी एकत्र राहणाऱ्या धाकट्या भावाला दिलं. स्वतः मागाहून रेल्वेनं गेले. मुळबागलच्या पुढं पिस्टनला भोक पडलं आणि गाडी रस्त्यातच बसली. हे शर्यतीच्या जागी हेल्मेट घेऊन दिवसभर उभे होते.

घरी आल्यावर सगळ्यांसमोर, भावाच्या मुलांसमोर, ते त्याला म्हणाले, “पेट्रोल आणि रॉकेल यातला फरक तुला कळत नाही. तुझ्या हातात गाडी दिली ही चूक माझी.” भाऊ मुलांना घेऊन आत गेला. महिन्याभरात तो बायकोमुलांना घेऊन होसकोटेला राहायला गेला.

पुढं घरमालकांनी इंजिन उघडलं, आणि त्यांना कळून चुकलं. जास्त वेग मिळावा म्हणून त्यांनी स्वतःच ठिणगीची वेळ नको इतकी आधी ओढून ठेवली होती. मग कुठलंही पेट्रोल घातलं असतं तरी पिस्टन वाचला नसता. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मला सांगितलं तेही काही वर्षांनी, गाडी भंगारात दिल्यावर. ते मी अक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगितलं आणि आम्ही दोघांनी मागं लागून त्यांना होसकोटेला पाठवलं. सोबत मीच गेलो.

भावानं दार उघडलं, “या, बसा,” म्हणाला, कॉफी दिली. घरमालकांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. भावानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “त्र्याण्णवचंच भरलं होतं मी. होसकोटेपर्यंत आल्यावर टाकी कमी वाटली, इकडं ते मिळेना, म्हणून शहरात परत जाऊन भरून आणलं होतं. तुम्ही विचारलंच नाही.”

“मग बोलला का नाहीस?”

“सरी, बिडी,” भाऊ म्हणाला. जाऊ द्या.

परतीच्या बसमध्ये घरमालकांनी दोघांची तिकिटं काढली. “पूर्वी मला ‘अण्णा, तू’ म्हणायचा,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर भाऊ गणपतीला येऊ लागला. मिठाईचा पुडा आणायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, “तुमची तब्येत कशी आहे?” असं पाहुण्यासारखं विचारायचा. आणि पेट्रोलवर तासभर बोलणारे आमचे घरमालक नुसते “बरी आहे, बरी आहे” म्हणायचे. भावाला ‘तू’ म्हणायचा धीर आता त्यांनाही होत नव्हता.