ओवीतलं नाव

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते. तिचा फोटोसुद्धा घरात नव्हता. उरल्या होत्या त्या दळताना, लेकराला निजवताना तिनं म्हटलेल्या ओव्या, आणि त्याही दुसऱ्या बायकांच्या तोंडी. माझं लग्न ठरलं, तेव्हा सासरी जाण्याआधी त्या सगळ्या एका वहीत उतरवायच्या असं मनात घेतलं. पन्नास-एक्कावन्न साल असेल. आम्ही डोंबिवलीत राहत होतो.

सोपं वाटलं होतं, पण कुठलं काय! कल्याणची मावशी जी ओवी चार ओळींची सांगे, तीच आमची ठाण्याची जुनी शेजारीण दोन ओळींत संपवी. मावशी ठासून म्हणे, "ही तुझ्या आईची नव्हेच, माझी आहे." मिठागरावर राबलेली शेजारीण तितक्याच ठसक्यात म्हणे, "अगो, तुजे आयनीच माना शिकवली!" कुणाचं खरं मानायचं? माझं डोकं पार भंजाळून गेलं.

त्यात म्हणणारी बाई ओवीत आपल्याच लेकराचं नाव घालणार, ही रीतच. त्यामुळे वहीभर मावशीचे मुलगे आणि शेजारणीच्या मुली. मी सरसकट सगळी नावं खोडली आणि तिथं माझं घातलं. आईची ओवी म्हणजे नाव माझंच असणार, यात मला शंका नव्हती. मी एकुलती एक.

एका ओवीत मात्र दोघींनी एकाच मुलाचं नाव सांगितलं होतं. त्या नावाचं दोघींच्याही घरी कुणी नव्हतं. मावशीला विचारलं, तर "असेल कुणीतरी" म्हणून ती दूध बघायला उठली. मी तेही खोडलं.

वही पुरी झाल्यावर वडिलांना दाखवली. वाचता वाचता ते त्या ओवीपाशी थांबले.

"इथं दुसरं नाव होतं ना?"

"होतं. कुणाचं ते?"

"तुझ्या आधीच्याचं. सव्वा वर्षाचा होऊन गेला."

मला रागच आला. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही! मग भीती वाटली. "यातल्या माझ्यासाठी म्हटलेल्या कुठल्या?"

वडिलांनी शेवटपर्यंत पानं उलटली आणि वही मिटली. "तो गेल्यावर तिनं ओवी म्हटलीच नाही गं."

"मग मला निजवायची कशी?"

"जवळ घेऊन बसायची. गप्प."

हे वहीत कुठं लिहायचं, ते मला समजेना.