शनिवारचा वजनकाटा

कुंदा भोईर दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ. कुळगावहून अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात पॅकिंगला लागली तेव्हा शेलाटी होती. पुढं कॅन्टीनच्या वड्यांनी अंग भरलं, पण पाय तसेच भिरभिरते राहिले. आईचा पाय साखरेच्या आजारापायी गुडघ्यातून कापावा लागला आणि कुंदा हादरली. जेवणाच्या सुट्टीत, डबा अर्धा टाकून, शेडभोवती चालू लागली. आधी एकटीच. मग पॅकिंगच्या बायका आल्या, मग प्लांटमधली माणसं. कुणा साहेबाचा हुकूम नव्हता. दर शनिवारी सगळे ड्रम तोलायच्या काट्यावर उभे राहत, आणि ज्याचं वजन वाढलं त्याच्या नावानं शिट्ट्या पडत.

हे मॅनेजर उन्मेष सरांच्या कानावर गेलं. "या शनिवारी ग्रुपचं वजन उतरलेलं दाखवा," ते म्हणाले, "शिफ्टमध्येच चालायला रोजचा अर्धा तास मंजूर करून आणतो."

त्या अर्ध्या तासानं कुंदाची झोप उडवली. कुणाच्या हातात भजी दिसली की ती हिसकावून घ्यायची. सगळ्यांत जास्त लक्ष भूपेशवर. ड्रायरवरचा भूपेश म्हात्रे ग्रुपमधला सगळ्यांत वजनदार गडी. तो उतरला तर ग्रुप उतरला. आणि नेमकी शुक्रवारी त्याच्या चुलतभावाची हळद.

"ताई, न जेवता उठलो तर काका जन्मभर बोलणार नाय."

"जा की. डीजेवर नाच. पण मटणाला हात लावलास तर शनिवारी तोंड दाखवू नको."

"आगऱ्याच्या हळदीत मटण नाय खायचं? लोक विचारतील, पोरगा आजारी हाय काय!"

सगळे खो खो हसले. कुंदा हसली नाही.

शनिवारी काट्यापाशी सगळे जमले, उन्मेष सर फोटोसाठी मोबाइल काढून उभे राहिले, आणि भूपेशचा पत्ता नाही. कुंदा तडक ड्रायरच्या खोलीत घुसली. ओला रंग सुकवायची ती तापलेली खोली; कामगार तिथं ट्रे ठेवतात आणि पळत बाहेर येतात. भूपेश आत उभा होता. अंगाभोवती प्लॅस्टिकची लांब पिशवी गुंडाळलेली, ड्रमच्या आत घालतात ती, कुंदाच्याच खात्यातली.

"पाच मिनिटं अजून, ताई. कालचं उतरवतोय."

"पाणी कधी प्यायलास?"

"हळदीत."

तिनं त्याला ओढून बाहेर काढलं. ओठ पांढरे पडलेले, पण उभा होता. काटा समोरच होता. उभं करायचं, आकडा घ्यायचा, मग पाणी पाजायचं. कितीसा वेळ लागणार? दंड धरून तिनं त्याला काट्याच्या दिशेनं चार पावलं चालवलंसुद्धा. मग त्याचा सगळा भार एकदम तिच्या खांद्यावर आला.

"कमळाकर, धर याला!" ती ओरडली. प्लांटमधला कमळाकर धावत आला; दोघांनी त्याला सावलीत बाकड्यावर आडवं केलं. तिनं पिशवी टराटरा फाडली. कुणी डॉक्टरला फोन लावला, कुणी मीठ-साखरेचं पाणी आणलं.

उन्मेष सर मागून आले. "डॉक्टर येतायत ना? ठीक. बाकीच्यांचं तरी वजन घेऊया, भोईर बाई."

"नको, सर. आज काटा बंद. पुढच्या शनिवारीपण."

"मग मी वरच्यांना काय दाखवू? असा अर्धा तास नाही मिळत."

"नका दाखवू."

सरांनी मोबाइल खिशात टाकला नि ते निघून गेले. ग्रुपमधल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. इतक्या महिन्यांची पायपीट, आणि हिनं एका वाक्यात त्यावर पाणी सोडलं! एकजण तसं बोललीही. कुंदा भूपेशला घोट घोट पाणी पाजत होती.

जरा वेळानं त्याच्या तोंडावर रंग आला. "ताई, काट्यावर का नाय नेलंस? राहिलो असतो उभा."

"राहिला असतास. त्या भट्टीतपण राहिलासच की, मी बोलले म्हणून."

भूपेश ग्लास पुढं करून म्हणाला, "मटण पण खाल्लं मी."

"माहितीये. पी."