बासन गंगेला, पानं कारभारींना

कारभारी जेजुरकर ब्याण्णव साली आमच्या इतिहास संशोधन ग्रंथालयात लागले. काम एवढंच, की पावसाळा सरला की जुन्या हस्तलिखित पोथ्या सावलीत वाऱ्यावर मांडायच्या, वेखंडाच्या पुरचुंड्या बदलायच्या आणि पुन्हा बासनात, म्हणजे तांबड्या फडक्यात, बांधून ठेवायच्या. पण हा गृहस्थ स्वस्थ बसेल तर शपथ! रोज कामावर येण्याआधी रामकुंडावर जाऊन उभा.

नाशकात पोथीची पानं हरवली, वाळवीने खाल्ली, की पोथी खंडित झाली म्हणतात आणि गंगेत सोडतात. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. कुणी तांबडं गाठोडं घेऊन पायऱ्या उतरू लागलं, की कारभारी आडवे. "मावशी, बासन गंगेला सोडा, पानं मला द्या. गंगामाईचा मान तिला पोचेल, पोथी पण जगेल." लोक शिव्या घालायचे, हाकलायचे. हे आपले हात जोडून मागेमागे.

"अहो, भिकारी समजतील तुम्हाला," मी चिडून म्हणायचे. मी तिथे पोथ्यांची सूची करत असे.

"समजू द्या की, सुवर्णाताई. पोथी मिळाल्याशी कारण." आमच्या कपाटांतल्या कितीतरी पोथ्या अशाच आल्या. पुण्या-मुंबईचे अभ्यासक त्या बघायला यायचे.

आणि दोन हजार चार साली हाच माणूस मला म्हणतो, "ताई, उद्या उशीर होईल. घरची पोथी गंगेत सोडायचीय."

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या आजोबांनी नाशकातल्याच द्वारका चौकापलीकडचा भाजीचा मळा सांभाळून स्वतःच्या हाताने उतरवलेली पोथी ती! वडील दर श्रावणात वाचायचे. ते गेल्यावर ती देव्हाऱ्यात नुसतीच हळदीकुंकू घेत बसली आणि वाळवीने तिच्या कडा कुरतडल्या. त्यांची आई कुसाबाई म्हणाली, खंडित झाली, चल सोडून येऊ.

"मग जगाला सांगता ते आईला सांगा ना!"

"आईपुढं कधी तोंड उघडलं नाय, ताई."

"धन्य आहे तुमची!" म्हणाले खरी, पण राहवेना. सकाळी मीही रामकुंडावर गेले.

कुसाबाई पायरीवर बसलेली, मांडीवर पोथी. कारभारी गुडघाभर पाण्यात, डोळे लाल. त्यांनी मुकाट हात पुढे केले. म्हातारी पोथी देईना.

"सोडायची ना?" तिने विचारलं.

"तू म्हणशील तसं, आई."

तशी ती भडकली. "मी म्हनंन तसं? मेल्या, वाटंवरच्या बायांच्या पाया पडून पोथ्या मागतो. सारं नाशिक मला सांगतं. तुझ्या बापाची पोथी तेवढी नकोशी झाली व्हय रं? लय वाट बघितली. आज मागंल, उद्या मागंल. साऱ्यांना अडवतो, मला का नाय अडवत?" आणि ती रडायलाच लागली.

कारभारी पाण्यातून वर आले, तिच्यासमोर बसले. रोजचंच वाक्य, पण त्या दिवशी ते तोंडातून निघता निघेना.

"आई, बासन गंगेला सोड. पानं मला दे."

कुसाबाईने गाठ स्वतः सोडली. बासन झेंडूच्या फुलांसकट पाण्यात गेलं. पानं मात्र तिने पदरात घेतली आणि तशीच रिक्षातून ग्रंथालयात आणली.

कारभारी लगबगीने नवं तांबडं फडकं घेऊन बांधायला बसले. तिने त्यांच्या हातावर चापट मारली. "बांधतो काय लगेच? आधी वाच. तुझा बाप गेल्यापासून ऐकली नाय मी."

इतकी वर्षं पोथ्या बांधणारे कारभारी अक्षर लावत, अडखळत पहिलं पान वाचू लागले. कुसाबाई फरशीवर मांडी घालून बसली. पान संपलं की ती म्हणे, "पुढं वाच."