बांगड्यांची गुंतवणूक

आमचे मिठबावचे शेजारी विम्याच्या कामातून निवृत्त झाले, पण ‘इन्व्हेस्ट’ हा शब्द काही त्यांच्या तोंडून सुटला नाही. लोक पैसे इन्व्हेस्ट करतात, हे बांगडे करतात. ताजे बांगडे आणले की चार आमच्या ओट्यावर ठेवून म्हणणार, “घेवा, तुमच्यात इन्व्हेस्ट केलंय.” कुणाच्या आजाऱ्याजवळ दवाखान्यात बसले, तरी तेच. मी बांगडे खातो, पण परतावा कधी मागतील या धास्तीने काटा घशात अडकतो. बायको म्हणते, “तुमच्यात आणि कोण काय गुंतवतलो!”

गेल्या चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते दारात आले. मुलगे यंदा येणार नव्हते, म्हणून आवाज पडलेला. “झिलांका रजा गावली नाय. गणपतीसमोर मी एकटोच. आरतेक येशात मा?”

माझा आवाज असा, की आरती सुरू झाली की बायको मला प्रसादाच्या कामाला लावते. तरी त्यांचं एकटेपण घालवायला, मोठे उपकार केल्यासारखा, मी दुसऱ्या दिवशी जरा उशिरानेच गेलो. पाहतो तर सगळी वाडी आत, ओटीवर पाय ठेवायला जागा नाही. शेवटी अंगणात, चपलांच्या ढिगात उभं राहून मी टाळ्या वाजवल्या.