इसाबेलनं सही केली नाही

इसाबेल डाबरे आमच्याकडे खोली बघायला आली, तेव्हा आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणाली, "शोभनाताई, मी हॉटेलात दारूच्या स्टोअरमध्ये काम करते. ह्याच कारणावरून चर्चमधल्या दोघींनी मला खोली नाकारली. तुमचंही काही म्हणणं असेल तर आत्ताच सांगा. नंतर मी ऐकून घेणार नाही."

ही फेब्रुवारी १९९५ची गोष्ट. आम्ही दुबईत, करामा भागात दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. दत्तप्रसाद, म्हणजे माझे मिस्टर, जेबेल अलीला एका कंपनीत होते, वैभवी तिसरीत होती आणि एक खोली भाड्यानं दिली तर आम्हाला बरंच पडणार होतं. आमच्या घरात कधी दारूची बाटली आली नव्हती. पण दारात उभं राहून असं तोंडावर बोलणारी मुलगी मला आवडून गेली. मी म्हटलं, "ये आत. चहा घेतेस ना?"

ती वसईतल्या नंदाखालची, सत्तावीस वर्षांची. दुबईच्याच देरा भागात खाडीकाठच्या एका हॉटेलात ती स्टोअर असिस्टंट म्हणून लागली आणि वर्षभरात इनचार्ज झाली. बाटल्या आडव्या लावायच्या, थंडावा बघायचा, आलं-गेलं लिहायचं, एवढंच काम. बाई म्हणून ती त्या खात्यात एकटीच होती. बारमधली मुलं तिला मुद्दाम 'आंटी' म्हणायची. ती मागवलेली बाटली तेव्हाच द्यायची, जेव्हा मुलं तिला 'इसाबेल' म्हणून हाक मारायची. महिनाभरात सगळी सरळ झाली.

त्या हॉटेलचा मुख्य शेफ एक म्हातारा फ्रेंच माणूस होता. स्वित्झर्लंडच्या हद्दीला लागून जुरा नावाचे डोंगर आहेत, तिथला. त्यानं आपल्या गावाकडून पाच पेट्या वाइन मागवली होती. बुटक्या, रुंद खांद्यांच्या बाटल्या आणि आत गडद पिवळी वाइन. एका बाटलीचे दोनशे दिरहॅम, म्हणजे जवळजवळ दोन हजार रुपये. गिऱ्हाईक एखाददुसरंच. एका दुपारी त्यानं इसाबेलला बोलावून घोटभर चाखायला दिली, सोबत चीजचा तुकडा आणि दोन अक्रोड.

"पहिल्यांदा वाटलं, ही खराब झालीय," ती मला सांगत होती. मी भाजी निवडत होते आणि ती ओट्याला टेकून उभी होती. "मग दुसरा घोट घेतला. ताई, तोंडातून चव जाईचना. पंधरा मिनिटं झाली तरी होतीच."

मग तिनं मला ती वाइन कशी होते ते समजावलं. द्राक्षाची एकच जात, आणि तीही उशिरा, थंडी पडायला लागल्यावर तोडायची. रस आंबवून लाकडी पिंपात भरायचा आणि सहा वर्षं तीन महिने त्याला हात लावायचा नाही. बाकीच्या वाइनची पिंपं सतत काठोकाठ भरत राहतात, हवा लागू देत नाहीत. हिची भरत नाहीत. वाइन उडत जाते, पिंप रितं होत जातं आणि वर यीस्टची एक पातळ साय धरते. ती साय हवा जेमतेम आत सोडते. लिटरभर घातली तर शेवटी जे उरतं, त्या मापाचीच ती बुटकी बाटली.

"पण मग दुसरीकडे का नाही करत?" मी विचारलं.

"करून बघतात. तशी होत नाही. तिथली चिकणमाती निळसर राखाडी आहे. तळघरं अशी, की उन्हाळ्यात तापतात आणि हिवाळ्यात गारठतात. ती साय त्या हवेतच जगते. फ्रेंच लोक ह्या सगळ्याला मिळून 'तेरुआर' म्हणतात." मग म्हणाली, "आमची सुकेळी बघा. राजेळी केळी आमच्याकडच्या उन्हात वाळवायची. काळी पडतात, चिकट होतात. न कळणारा माणूस म्हणेल, सडली, फेकून द्या. आमच्या बाया त्याला फेकू देतील का?"

१९९७च्या मार्चमध्ये शेफ निवृत्त होऊन गावी गेला. एप्रिलमध्ये नवा फूड अँड बेव्हरेज मॅनेजर आला. बरा शिकलेला, कडक इस्त्रीचा माणूस. त्यानं स्टोअरची झडती घेतली आणि पिवळ्या वाइनची एक बाटली थेट बर्फातून काढून उघडली. वास घेतला, घोट घेतला आणि सिंकमध्ये थुंकला.

"हिला हवा लागलीय. करीचा वास येतो. सेहेचाळीस बाटल्या आहेत ना? सगळ्या ओतून टाका."

इसाबेल म्हणाली, "सर, ही अशीच असते. तो वास भाजलेल्या मेथीसारखा आहे, आणि तो यायलाच हवा. बर्फातून काढून लगेच प्यायची नसते. तासभर उघडी ठेवा, मग बघा."

"तू स्टोअरकीपर आहेस."

"हो. म्हणूनच बाटलीत काय आहे ते मला माहीत आहे."

त्यानं दुसऱ्या दिवशी टाइप केलेला कागद पाठवला. 'खराब माल, नष्ट करावा.' त्यावर मॅनेजर, सिक्युरिटी आणि स्टोअर इनचार्ज अशा तीन सह्या लागायच्या. इसाबेलनं कागद परत पाठवला. खाली लिहिलं, 'माल खराब नाही. सही करणार नाही.' आठवड्यात तिला वॉर्निंग लेटर मिळालं.

त्या दिवशी तिनं दत्तप्रसादना विचारलं, "भाऊजी, तुमच्या ऑफिसातून फ्रान्सला एक फॅक्स जाईल का?" ह्यांनी डोक्याला हात लावला, पण पाठवला. ती वाइन करणाऱ्या मळ्याची मालकीण मादाम ओदिल नावाची विधवा बाई होती. तीन दिवसांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तर आलं. बाटल्या ओतू नका, माझ्या खर्चानं परत घेईन, असं होतं. आणि खाली हातानं एक ओळ लिहिलेली. 'मी सहा वर्षं पिंपाला हात लावला नाही. तुमच्या साहेबांना एक तास धीर धरवत नाही का?'

इसाबेलनं तो फॅक्स जसाच्या तसा मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. शेवटची ओळसुद्धा झाकली नाही.

मी तिला समजावलं. खोटं कशाला बोलू, मी तिच्या बाजूनं नव्हते. म्हटलं, "अगं, वाइनच आहे. ती ओतली म्हणून कुणी उपाशी मरणार आहे का? सही कर आणि विषय संपव. इथे व्हिसा त्यांच्या हातात असतो."

"मालाला खराब म्हणून सही केली, की ताई, माझ्या जिभेला काही कळत नाही असं मीच लिहून दिलं. मग उद्या तो जे म्हणेल ते मला म्हणावं लागेल."

"आणि नोकरी गेली तर?"

"जाऊ दे."

ती गेलीच. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकरा वाजता तिच्या हातात टर्मिनेशनचं पत्र पडलं. व्हिसा कॅन्सल, वर पासपोर्टवर वर्षभर परत यायला बंदी असल्याचा शिक्का. तिच्या जागी बारमधल्या एकाला इनचार्ज केलं होतं आणि त्यानं सही करूनही टाकली होती. स्टोअरमधला हमाल तय्यब, हैदराबादचा, पेट्या उचलून मागच्या मोरीपाशी आणत होता. मॅनेजर हाताची घडी घालून उभा होता. तो इसाबेलला म्हणाला, "तू आता जाऊ शकतेस. खलास."

इसाबेल गेली नाही. तिनं शेल्फवरून एक ग्लास घेतला, मॅनेजरनं चाखावी म्हणून तिनं कालच उघडून ठेवलेली बाटली उचलली आणि ग्लास अर्धा भरला. मग एका रिकाम्या पेटीवर बसली.

"काय चाललंय हे?" मॅनेजर म्हणाला.

"मी आता तुमची नोकर नाही. तुमच्या मते ही फेकायची वस्तू आहे. मग मी प्यायले तर तुमचं काय जातं?"

आणि ती पीत बसली. घाई न करता, एकेक घोट. सिक्युरिटीवाला मॅनेजरकडे बघत होता, मॅनेजर घड्याळाकडे. तिला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. शेवटचा घोट संपल्यावर तिनं ग्लास धुऊन, पुसून जागेवर ठेवला आणि मगच ती निघाली. मागून बाटल्या ओतल्याचा आवाज येत होता. तय्यब गेटपर्यंत तिची पिशवी घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, हमारे यहाँ तो शराब बहा देना सवाब का, पुण्य का काम है. फिर भी आज अच्छा नहीं लगा."

घरी आल्यावर ती रडली. ते मी पाहिलं, म्हणून लिहिते. तासभर रडली, मग तोंड धुतलं आणि सूटकेस भरायला बसली. वैभवी दारात उभी राहून विचारत होती, "मम्मी, बट शी वॉज राइट, ना? देन व्हाय इज शी गोइंग?" मी तिला गॅलरीतून इसाबेलचे वाळलेले कपडे आणायला पाठवलं.

नंदाखालला गेल्यावर लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलंच. दारूच्या कामातून काढलेली पोरगी. एक ठरत आलेलं लग्नही त्यात मोडलं. इसाबेलनं मादाम ओदिलला पत्र टाकलं की, तुमच्या बाटल्या मला वाचवता आल्या नाहीत, पण माझी सही त्यावर नाही. बाईनं तिला द्राक्षतोडणीला बोलावलं. फ्रान्सचा व्हिसा पहिल्यांदा नाकारला. तिनं पुन्हा अर्ज केला, सोबत तो फॅक्स आणि टर्मिनेशनचं पत्र दोन्ही जोडून. ह्या खेपेला मिळाला.

१९९८च्या ऑक्टोबरपासून ती तिथे पाच महिने राहिली. मला तिची दोनच पत्रं आली. एकात होतं: 'ताई, इथली माती बुटाला अशी चिकटते की दुपारपर्यंत पाय उचलवत नाही. बोटं थंडीनं फुटली आहेत. बाई एका शब्दानंही कौतुक करत नाही.' दुसऱ्यात लिहिलं होतं, 'काल कळलं की सगळीच पिंपं साधत नाहीत. एकाच रांगेतली, एकाच रसाची. काहींवर साय फाटते आणि आत व्हिनेगर होतं. बाईनं मला सहा पिंपं चाखायला लावली आणि बिघडलेली ओळखायला सांगितली. दोन होती. मी दोन्ही ओळखली. तो साहेब इतकंच म्हणाला असता की मला ठरवता येत नाही, तर मी त्याच्याशी भांडले नसते.'

१९९९मध्ये ती दुबईला परतली, दुसऱ्या हॉटेलात, ह्या वेळी वाइन वाढणारी म्हणून. पहिल्या दिवशी एका गिऱ्हाइकानं तिला सांगितलं, "वाइनवाल्या माणसाला पाठव." ती म्हणाली, "तो माणूस मीच." दोन वर्षांनी तिनं लंडनच्या एका संस्थेची परीक्षा दिली. चाखून वर्णन लिहायचं होतं. तिनं 'मेथी' लिहिलं. परीक्षक म्हणाला, हा शब्द आमच्या यादीत नाही, 'अक्रोड' लिहा. तिनं सांगितलं, "अक्रोड मी पहिल्यांदा दुबईत खाल्ला. मेथी माझ्या आईच्या मसाल्यात असते. मला जो वास येतो तो मी लिहिला." त्यानं दोन गुण कापले. पास मात्र झाली.

देऱ्यातल्या त्या मॅनेजरनं कधी माफी मागितली नाही. उलट त्याला बढती मिळाली आणि तो सिंगापूरला गेला. मी एकदा हे बोलून दाखवलं, तर इसाबेल म्हणाली, "त्याच्या माफीचं मी काय करू?"

२००२मध्ये तिच्या हॉटेलानं वाइनची यादी नव्यानं करायचं काम तिला दिलं. तिनं पिवळी वाइन घातली. वरचे साहेब म्हणाले, ही कोण मागणार? ती म्हणाली, मी टेबलापाशी उभी राहून सांगेन. तशी ती उभी राहायची. रशियन, लेबनीज, आपले मुंबईचे व्यापारी, सगळ्यांना माती, पिंप, साय समजावायची. बरेच जण ऐकून शेवटी नेहमीचीच बाटली मागवायचे. एकानं तर वास घेऊन ग्लास परत केला. तिनं तो उचलला आणि पुढच्या टेबलाला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.

त्या वर्षी तीन बाटल्या खपल्या. पुढच्या वर्षासाठी तिनं बारा मागवल्या.