आप्पांच्या हाताचं चित्र

माझी मुलगी एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेची तयारी करत होती. बोटं जमत नसल्याने तिची सगळी माणसं हात पाठीमागे बांधून उभी असत. म्हणून यवतमधल्या आमच्या शेजारच्या आप्पांना मी त्यांच्या ओट्यावर बसण्याची विनंती केली. त्यांची जमीन महामार्गालगत आहे आणि तिच्यावरून भावकीत वाद चालू आहे.

मी शिकवल्याप्रमाणे तिने एक डोळा मिटला आणि हात लांब करून पेन्सिलीवर त्यांचं माप घेतलं. आप्पा ताठ झाले.

"काय मोजतीय ही?"

"तुमचं डोकं, आप्पा," मी म्हणालो. "उंचीत किती वेळा बसतं ते बघतेय."

"मोजणीवालेबी आधी असंच गोड बोलत्यात."

तरी ते उठले नाहीत. त्यांची नजर पेन्सिलीवर खिळली होती आणि मांडीवरचा हात जराही हलत नव्हता. त्यामुळे बोटं पहिल्यांदाच नीट उतरली.

आप्पांनी कागद मागून घेतला, उलटून कोरी बाजूही पाहिली.

"ह्यो कुणाला दावणार?"

"शाळेत, सरांना."

"म्हंजी सरकारातच जाणार की," म्हणत त्यांनी घडी घालून तो खिशात ठेवला.

घरी येताच मुलीने मला विचारलं, "बाबा, तुम्ही कागद परत का नाही मागितला?"

"मागितला असता, तर तो मोजणीचाच कागद आहे अशी त्यांची खात्री पटली असती," मी म्हणालो.